शेडमास्तरांचे डोळे

आमच्या रंगखात्यात सुताच्या लडी रंगतात. गिऱ्हाईक बोटभर धागा पाठवतं आणि त्याच रंगाचं सहाशे किलो सूत मागतं. रंग चढतो टाकीत, पण तो बरोबर चढला की नाही हे ठरतं खिडकीजवळच्या एका टेबलावर. त्या टेबलावर गेली बावीस वर्षं एकच माणूस ते ठरवत आला. शेड म्हणजे रंगाची छटा, म्हणून त्यांना आम्ही शेडमास्तर म्हणतो, किंवा नुसतंच मास्तर.

मास्तर काटकुळे, आणि एका जागी म्हणून बसायचे नाहीत. डबासुद्धा उभ्यानेच खायचे. नमुन्याचा धागा डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळायचा, रंगवलेली लड उजव्या हातात घ्यायची, खिडकीशी जायचं, परत दिव्याखाली यायचं, पुन्हा खिडकीशी. असे चार-पाच हेलपाटे झाले की म्हणायचे, "पिवळा कणभर कमी." आणि कणभर पिवळा टाकला की रंग बसायचा. एकदा ते माझ्या घरी चहाला आले होते. कप हातात घेतला न घेतला तोच उठून पडद्यांपाशी गेले आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, हे दोन पडदे वेगवेगळ्या लॉटमधले आहेत." पडदे मी आणले होते. ते गेल्यावर घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

मी त्याच कारखान्याचं ऑफिस सांभाळतो. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन इथे लागलो, आता निवृत्तीला दीड वर्ष उरलं आहे. हजेरी, रजा, अपघात, पत्रव्यवहार हे सगळं माझ्याकडे. हे सांगण्याचं कारण इतकंच की पुढे जे घडलं त्यातले काही कागद माझ्या हातचे आहेत.

गेल्या वर्षी एका दुपारी मास्तर टेबलापाशीच कोसळले. हातपाय झटकू लागले, तोंडाला फेस आला. टाकी तिथून सहा पावलांवर, तिच्यात उकळतं पाणी. बॉयलर सांभाळणारे आमचे मामा धावले आणि त्यांनी मास्तरांना कुशीवर वळवून धरलं. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले. मी अपघाताचं रजिस्टर घेऊन खाली आलो तेव्हा मास्तर भिंतीला टेकून बसले होते. जीभ चावली गेली होती, शब्द नीट फुटत नव्हते.

"भाऊसाहेब, फिट लिहू नका."

"मग काय लिहू?"

"चक्कर लिहा. उपाशी होतो म्हणावं."

"मास्तर, डबा खाताना तुम्हाला सगळ्यांनी पाहिलंय."

"उभ्यानं खाल्लेला मोजत नाहीत," मामा म्हणाले.

फिट येणाऱ्या माणसाला टाक्यांच्या मजल्यावर ठेवायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो रास्त आहे. शेडचं टेबल त्याच मजल्यावर होतं. ते टेबल सुटलं तर मास्तरांकडे दुसरं काही नव्हतं. त्यांचं शिक्षण बेताचं आणि हातात दुसरी कला नाही. होते ते फक्त डोळे. मी रजिस्टरमध्ये "चक्कर" असं लिहिलं.

मात्र एक अट घातली. त्यांनी डॉक्टरांकडे जायचं, औषध घ्यायचं आणि ते मी तपासणार. मास्तर आणि वहिनी मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. (मास्तरांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनीच म्हणतो. त्या घरी कपडे बेतून, दुरुस्त करून देतात.) डॉक्टरांनी एक पानभर लिहून दिलं होतं. गोळी अगदी लहान मात्रेपासून सुरू करायची, दोन-दोन आठवड्यांनी वाढवायची, आठव्या आठवड्यात पूर्ण मात्रेवर यायचं. अक्षर डॉक्टरी. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्या अक्षरात करून द्या ना. आम्हाला हे लागत नाही."

मी संध्याकाळी बसून तक्ता केला. तारखा, वार, सकाळ, संध्याकाळ, गोळ्या किती, पुढे खूण करायला चौकट. रेघा पट्टीने मारल्या. तो तक्ता त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला गेला आणि डॉक्टरांचा मूळ कागद मी माझ्या फाइलला लावला.

आठ आठवडे सुरळीत गेले. फिट आली नाही. पण पूर्ण मात्रा सुरू झाल्यावर मास्तर टेबलापाशी डोळे चोळताना दिसू लागले. एका लडीच्या दोन लडी दिसायच्या, सकाळी गोळी घेतल्यानंतर तास-दोन तास.

"बायको दोन दिसते का ते बघ आधी," मामा म्हणाले.

"मी एकीलाच पुरा पडत नाही, मामा."

हसण्यावारी गेलं ते तेवढंच. मास्तरांच्या डोक्यात मात्र ते बसलं. फिट आली तर कधीतरी येईल, पण गोळी रोज डोळे खाते आहे, असा त्यांनी हिशेब मांडला आणि कोणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या. चौकटीत खुणा मात्र करत राहिले, कारण मी तपासत होतो. एकोणीस दिवस त्यांनी एकही गोळी घेतली नाही. विसाव्या दिवशी पहाटे घरात फिट आली आणि वहिनींना सगळं कळलं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. टाकीत लॉट चालू असताना वीज गेली, पंप थांबला, तर वीज आल्यावर कृती पहिल्यापासून सुरू करायची नसते. निम्मा रंग सुतात गेलेला असतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तर लॉट गडद होऊन हातचा जातो. म्हणून नवीन माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात, थांबलो तिथून पुढे. मास्तरांनी हे वाक्य बावीस वर्षांत हजारदा म्हटलं असेल. त्या पहाटे त्यांनी तेच केलं. जिथे थांबले होते तिथून, म्हणजे पूर्ण मात्रेपासून, गोळी पुन्हा सुरू केली. मला हे त्यांनी ऑफिसात येऊन खाली मान घालून सांगितलं. मी त्यांना बोललो. आणि वर म्हणालो, "झालं ते झालं. आता काहीही होवो, एक दिवसही खंड पाडायचा नाही." त्यांनी शब्द दिला.

अकरा-बारा दिवसांनी त्यांना कणकण वाटू लागली. घसा दुखायचा, डोळ्यांची आग व्हायची. सर्दी म्हणून सोडून दिलं. मग दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल चट्टे उठले. आमच्या खात्यात अशा चट्ट्यांकडे कोणी मान वळवून बघत नाही. रंगात हात घालणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून एकदा उठतात. त्याला आम्ही "रंग लागला" म्हणतो. चार दिवस टाकीपासून लांब राहायचं, मलम लावायचं, संपलं. मलमाची ट्यूब प्रथमोपचाराच्या पेटीत असते आणि पेटीची किल्ली माझ्याकडे. मीच ट्यूब काढून दिली.

"गोळी घेतली का आज?" मी विचारलं.

"घेतली. कालच्याही दोन्ही वेळच्या."

"शाब्बास."

असे तीन दिवस गेले.

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. त्या एरवी हळू बोलतात. "भावजी, एक सांगा. रंग छातीपर्यंत लागतो का?"

"छातीपर्यंत कसा लागेल?"

"मग पाठीवर?"

फोन कानाशी धरूनच मी चपला शोधू लागलो.

"ओठ सोललेत त्यांचे. पाणी गिळवत नाही. डोळे उघडत नाहीत, चिकटलेत. आणि मी सदरा काढायला गेले तर... तुम्ही या."

मी आणि मामा गेलो. मास्तर पलंगावर बसले होते, आडवं होणं सहन होत नव्हतं म्हणून. सदऱ्याला खांद्याजवळची कातडी चिकटून आली होती. चेहरा सुजलेला, ओठांवर काळसर खपली. आवाज ओळखून म्हणाले, "भाऊसाहेब, सकाळची गोळी राहिली हो. गिळवली नाही." हे वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही.

मोठ्या रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टर होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मास्तरांच्या पाठीवर एका जागी बोटाने हलका दाब देऊन बोट सरकवलं. कातडी बोटाबरोबर सरकली. त्यांनी लगेच नर्सला दोन-तीन सूचना दिल्या आणि आमच्याकडे वळल्या.

"कुठली औषधं चालू आहेत?"

"फिटची गोळी," वहिनी म्हणाल्या.

"कधीपासून?"

मी येताना कपाटाच्या दारावरचा तक्ता काढून आणला होता. तो पुढे केला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला. "छान केलाय. यात मध्ये खंड पडला होता का कधी?"

"एकोणीस दिवस."

"आणि मग?"

"मग थांबले होते तिथून पुढे."

त्यांनी तक्ता खाली ठेवला. "अहो, ही गोळी बंद पडून इतके दिवस झाले की शरीर तिला विसरतं. पुन्हा घ्यायची तर परत सगळ्यात लहान मात्रेपासून चढायचं असतं. मेंदूच्या डॉक्टरांनी हे सांगितलं असेल. मूळ कागद कुठे आहे?"

मूळ कागद माझ्या पिशवीतल्या फाइलमध्ये होता. मी तो काढला आणि त्यांच्या हातात देण्याआधी स्वतः वाचला. तळाशी, सहीच्या वर, दोन ओळी होत्या. काही दिवस गोळी चुकली तर आपल्या मनाने सुरू करू नये, आधी मला विचारावं. अंगावर पुरळ उठलं तर गोळी लगेच बंद करून यावं. त्या ओळी मी तेव्हाही वाचल्या होत्या. त्यात आकडा नव्हता, तारीख नव्हती, त्यांना तक्त्यात रकाना नव्हता. म्हणून मी त्या उतरवल्या नाहीत.

"स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात याला," डॉक्टर म्हणाल्या. "हजारांत एखाद्याला होतं. नीट घेऊनही होऊ शकतं. पण घाईने मात्रा चढली की शक्यता वाढते, आणि पुरळ उठल्यावरही गोळी चालू राहिली की प्रकरण चिघळतं. यकृतावरही परिणाम दिसतोय. जिवाचं मी आत्ता काही सांगणार नाही. डोळ्यांसाठी आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावते."

"डोळे वाचतील ना?" मी विचारलं.

"तुम्ही जिवाचं विचारा आधी," त्या म्हणाल्या.

त्यांना काय ठाऊक, मास्तरांच्या बाबतीत ते दोन वेगळे प्रश्न नव्हते.

मास्तरांना भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात ठेवलं. बावीस दिवस. निम्म्या अंगावर पट्ट्या, नाकातून नळी, आणि डोळ्यांवर बाळाच्या वारेच्या आतलं पातळ पटल बसवलेलं. ते कोणीतरी बाळंतपणानंतर दान केलेलं असतं. पापणी आणि बुबुळ एकमेकांना चिकटू नयेत म्हणून डोळ्यांचे डॉक्टर रोज दोन वेळा काचेची बारीक कांडी पापणीखालून फिरवत. वहिनी तेव्हा बाहेर जाऊन उभ्या राहायच्या. मी पहिल्या दिवशी आत थांबलो. नंतर मीही बाहेर जायला लागलो.

तिसऱ्या दिवशी मी वहिनींना त्या दोन ओळींबद्दल सांगितलं. कक्षाबाहेरच्या बाकावर, शेजारी एक बाई फोनवर कोणाला तरी खोलीचा नंबर समजावत होती. वहिनींनी ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं अक्षर चांगलं, म्हणून आम्ही मूळ कागद परत मागितलाच नाही." एवढं बोलून त्या पाण्याची बाटली भरायला उठल्या. बाटली भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे जाऊन रजिस्टरमधला "चक्कर" हा शब्द खोडला, वर "फिट" लिहिलं आणि बाजूला सही केली. मालकांनी रजिस्टर आपल्याकडे वळवून घेतलं. "चौतीस वर्षं झाली तुम्हाला," इतकंच म्हणाले. मला लेखी समज मिळाली. ती मीच टाइप केली, कारण टाइप करणारा दुसरा कोणी नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात ताप उतरला आणि मास्तर बोलू लागले. डोळे बंदच. हात बांधलेले, हेलपाटे घालता येत नाहीत, म्हणून ते सगळी तळमळ तोंडाने काढायचे.

"भिंतीचा रंग काय गं?"

"हिरवा," वहिनी म्हणाल्या.

"कुठला हिरवा?"

"दवाखान्याचा हिरवा!"

"म्हणजे निळ्याकडे झुकणारा की पिवळ्याकडे?"

"तुम्ही बरे व्हा आणि स्वतः बघा. मला त्या भिंतीकडे बघायची आता हौस उरली नाही."

मामा येऊन बसले की मास्तर त्यांच्या शर्टाचा रंग विचारायचे, आणि मामा मुद्दाम चुकीचा सांगायचे. "जांभळा." मास्तर म्हणायचे, "तुमच्याकडे जांभळा शर्ट नाही मामा, तुम्हाला तो शोभणारही नाही." आम्ही हसायचो. मग मास्तरांच्या बांधलेल्या हाताची बोटं पट्टीच्या आत हलत राहायची. अंगठा तर्जनीवर, धागा गुंडाळल्यासारखा.

जीव वाचला. कातडी नवी आली, ठिकठिकाणी डागाळलेली. यकृत ताळ्यावर आलं. डावा डोळा बराचसा सुटला, पण त्यात अश्रू येत नाहीत, दर तासाला थेंब घालावे लागतात, आणि उजेड टोचतो. उजव्या डोळ्यावर धुकं राहिलं. घरी जाताना मेंदूच्या डॉक्टरांनी वेगळ्या जातीची गोळी सुरू केली आणि एक कार्ड दिलं. जन्मात घ्यायची नाहीत अशा औषधांची यादी त्यावर होती. पहिल्या गोळीशी नातं सांगणारी फिटची आणखी तीन-चार औषधंही त्यात होती. मी त्या कार्डाची नक्कल केली नाही. फोटोकॉपी काढली, दोन्ही बाजूंची.

नवी गोळी घ्यायला मास्तर तयार नव्हते. पहिल्या दिवशी गोळी तळहातावर ठेवून ते पाऊण तास खोलीत फिरत राहिले. वहिनी दारात उभ्या.

"घ्या की."

"घेतो. बघू दे आधी."

"काय बघायचंय तिच्यात?"

"रंग बघतोय. पांढऱ्यात पिवळा आहे."

"आणि फिट येऊन डोकं आपटलं की मग काय बघाल?"

घेतली. त्यानंतर महिनाभर वहिनी रोज सकाळी त्यांना खिडकीशी उभं करून हात, छाती, पाठ तपासायच्या. मास्तर म्हणायचे, आता हिला माझी नोकरी लागली.

पाच महिन्यांनी ते ऑफिसात आले, काळा चष्मा लावून. मजल्यावर जायची परवानगी नव्हतीच. मालकांनी शेडचं टेबल वर माझ्या खोलीत, खिडकीशी आणायला सांगितलं होतं, पण त्यावर कोण बसणार हे ठरलेलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "आधी माझी परीक्षा घ्या."

परीक्षा त्यांनीच ठरवली. मी आणि मामांनी जुन्या लॉटमधून बारा जोड्या काढल्या. काही जोड्या तंतोतंत, काहींत केसाएवढा फरक. मागे नंबर, उत्तरं माझ्या खिशात. मास्तरांनी चष्मा काढला, थेंब घातले, डोळा मिटून दहा आकडे मोजले आणि सुरुवात केली. खिडकी, दिवा, खिडकी. प्रत्येक जोडीनंतर पुन्हा थेंब. बारा जोड्यांना सव्वा तास लागला. पूर्वी हे काम दहा मिनिटांचं. गालावरून पाणी ओघळत होतं, ते थेंबांचं की कशाचं हे मी विचारलं नाही. मामा मात्र बॉयलर सोडून तिथेच उभे होते, आणि त्यांनी एकही विनोद केला नाही.

मी उत्तरं काढली. दहा बरोबर, दोन चूक. चुकलेल्या दोन्ही जोड्या गडद निळ्या. फरक असलेल्यांना त्यांनी एक म्हटलं होतं.

"बारापैकी दहा म्हणजे डिस्टिंक्शन," मी म्हणालो.

"कागदावर," मास्तर म्हणाले. त्यांनी त्या दोन जोड्या पुन्हा हातात घेतल्या, खिडकीशी नेल्या, डावा डोळा अगदी बारीक केला. बराच वेळ. मग टेबलावर ठेवल्या. "नाही दिसत. निळ्यात खोल गेलं की सगळं एक दिसतंय. लिहून घ्या भाऊसाहेब. गडद निळ्यावर माझी सही नाही. निळे लॉट बाहेर रंग मोजायच्या मशिनवर पाठवा."

"गिऱ्हाईक सगळ्यात जास्त निळंच मागतं रे," मामा हळूच म्हणाले.

"माहीत आहे."

मी मालकांना तसं लेखी कळवलं. त्यांनी मान्य केलं, सहा महिन्यांपुरतं, पुढचं पुढे बघू म्हणाले.

गेल्या मंगळवारी पहिल्या निळ्या लॉटचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला. शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला, पास. मी मास्तरांना सांगितलं.

"कोणी बघितला?"

"मशिनने."

"दिव्याखाली की उन्हात?"

"ते कसं कळणार मला?"

"विचारा. दिव्याखाली जुळलेला निळा उन्हात लाल मारतो. गिऱ्हाईक दुकानाबाहेर येऊनच बघणार आहे."

मी फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, ते बघणारा जेवायला गेलाय, संध्याकाळी कळवतो. मास्तरांनी थेंब घातले. लॉटमधली एक लड टेबलावर पडलेली होती. ती त्यांनी उचलली, खिडकीशी नेली, तशीच परत आणून ठेवली, आणि दारापर्यंत जाऊन आले.

"आला का?"

"अहो, आत्ताच तर ठेवला फोन."

"बरं," म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे गेले.